मुक्त आणि विकत यांत गल्लत नको
गोव्यातील महाविद्यालयांच्या संशोधन समित्यांना खुले पत्र

आदरणीय सभासदहो,

सप्रेम नमस्कार.

फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी २१ वर्षे गणित शिकवते. आपल्यातले काहीजण माझे शिक्षक, काहींच्या बरोबर मी ताळगाव पठारावर एम.एस्सी. केले, आणि दोघे-तिघे तर माझ्याच वर्गात बसलेले. म्हणून मनात आहे ते आडपडदा न ठेवता लिहिते.

चवथीच्या सुट्टीआधी एका समितीच्या बैठकीत असे ठरले की यापुढे ‘ओपन ॲक्सेस’, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या, नियतकालिकांत छापलेले लेख बढतीच्या फाईलीत आणि मुलाखतीच्या गुणांत धरायचे नाहीत. कारण काय, तर अशा ठिकाणी पैसे घेऊन काहीही छापतात. दुसऱ्या एक-दोन ठिकाणीही हाच विचार चालू असल्याचे कानावर आले. आपला हेतू चांगला आहे, तरुण शिक्षकांची लुबाडणूक थांबावी असेच आपल्याला वाटते. पण या ठरावाने लुबाडणारे सुटतील आणि गणितातली सगळ्यात सचोटीची काही नियतकालिके बाद होतील. कृपा करून तो कागदावर येण्याआधी थांबवा.

ज्या प्रकरणावरून हे सगळे सुरू झाले, ते मी अगदी जवळून पाहिले आहे.

ती माझी धाकटी सहकारी. नेट झालेली, पीएच.डी. चालू, आणि पाच वर्षे लेक्चर बेसिसवर. लेक्चर बेसिस म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे. जितके तास तितके पैसे, सुट्टी लागली की हात रिकामा, आणि नवे वर्ष आले की पुन्हा मुलाखत. त्या मुलाखतीत शोधनिबंध किती, हा प्रश्न येतोच. त्यात सिद्ध काय केले, असे कोणी विचारल्याचे तिला आठवत नाही.

गेल्या पावसाळ्यात तिला एक मेल आला. आपला अलीकडचा लेख वाचून आम्ही भारावलो, नवा लेख आमच्याकडे पाठवा, असा मजकूर. तोवर तिचा एकही लेख कुठे छापलेला नव्हता. पण लिहून तयार असलेला एक होता आणि मुलाखत तोंडावर होती. तिने पाठवला. पाचव्या दिवशी स्वीकारल्याचे पत्र आले. एकही दुरुस्ती नाही, एकही शंका नाही, सोबत साडेअकरा हजारांचे बिल. तिने भरले. लेख छापून आल्यावर हौसेने मला दाखवायला घेऊन आली. कँटीनमध्ये पातळभाजी-पाव मागवून आम्ही तो वाचायला बसलो.

तिचा विषय ग्राफ थिअरीतला, ग्रेसफुल लेबलिंगचा. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा विषय गणित नाही, म्हणून थोडक्यात सांगते. ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा अशी एक आकृती घ्या. रेघा सहा असतील तर ठिपक्यांना ० ते ६ मधले वेगवेगळे आकडे द्यायचे. मग प्रत्येक रेघेवर तिच्या दोन टोकांच्या आकड्यांतला फरक लिहायचा. हे फरक १, २, ३, ४, ५, ६ असे एकेकदाच यायला हवेत. तिचे प्रमेय असे होते की विषम बाजूंची कितीही चक्रे, म्हणजे त्रिकोण, पंचकोन अशा बंद आकृती, एकाच ठिपक्यात जोडली, तरी हे नेहमी जमते.

मी सवयीने सगळ्यात लहान उदाहरण घेतले. दोन त्रिकोण, एक ठिपका सामाईक. कँटीनच्या बिलाच्या पाठीवर काढले. एका त्रिकोणावरच्या तीन फरकांत सगळ्यात मोठा फरक हा उरलेल्या दोघांच्या बेरजेइतका असतो, म्हणून तिन्हींची बेरीज सम. दुसऱ्या त्रिकोणाचीही सम. दोन्ही मिळून समच. पण १ ते ६ यांची बेरीज होते २१, म्हणजे विषम. तेव्हा दोन त्रिकोणांना हे कधीच जमणार नाही, आकडे कसेही मांडा.

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मॅडम, हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर!’’

सांगणे कठीण नव्हते. चक्रांच्या बाबतीत ही सम-विषमतेची अडचण अलेक्झांडर रोसा यांच्या १९६७ च्या लेखापासून ठाऊक आहे. रेघांच्या संख्येला ४ ने भागून बाकी १ किंवा २ उरली की अशा आकृतीचे दार बंद. या विषयातला कोणताही परीक्षक, म्हणजे छापण्याआधी लेख तपासणारा जाणकार, पहिल्या अर्ध्या तासात हे पाहतो, आणि अर्ध्या पानाच्या शेऱ्यात ‘ही अट घाला, मग बघा किती उरते’ असे लिहून लेख परत पाठवतो. तिची रचना वाया जाणारी नव्हती. अट घातल्यावर त्यातले बरेच काही उभे राहते, हे आम्ही पुढच्या दोन महिन्यांत बसून पाहिले. पण छापलेल्या लेखाचे काय? मागे घ्यावा म्हणून आम्ही लिहिले. उत्तर आले, लेख मागे घेण्याचे शुल्क वेगळे पडेल.

हे सगळे समितीपुढे गेले तेव्हा त्या नियतकालिकाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत ‘ओपन ॲक्सेस’ लिहिलेले दिसले, आणि दोष त्या दोन शब्दांवर गेला.

सभासदहो, लेख कोणालाही फुकट वाचता येत होता हा दोष नव्हे. लेख कोणी वाचलाच नाही आणि स्वीकृती विकली, हा दोष. परीक्षण न करता पैसे घेणारे दुकान आपल्या दारावर कोणतीही पाटी लावील. उद्या ‘ओपन ॲक्सेस’ या शब्दांना गुण मिळेनासे झाले तर ते शब्द काढून दुसरे लावील, इतकेच. २०१२ साली मॅथजेन नावाच्या प्रोग्रॅमने शब्दांची आणि चिन्हांची नुसती खिचडी करून ‘रचलेला’ एक लेख गणिताच्या एका नियतकालिकाला पाठवण्यात आला होता. त्यात अर्थ असा काही नव्हताच. तो दहा दिवसांत स्वीकारला गेला आणि ५०० डॉलर मागितले गेले. अर्थ लागतो का, एवढे बघण्यापुरतेही कोणी वाचले नाही.

आता दुसरी बाजू पाहा. नियतकालिक चालवायला पैसा लागतो आणि तो कुठून तरी यावा लागतो. कधी वाचकाच्या वर्गणीतून, कधी लेखकाच्या शुल्कातून. पण गणितात तिसरीही एक वाट आहे, लेखकाकडून पै नाही आणि वाचकाकडूनही नाही. एखादी विद्वत्संस्था, अकादमी किंवा विद्यापीठ तो खर्च उचलते. गणिताला हे इतर शास्त्रांहून सोपे जाते, कारण आमचा लेखक आपला लेख स्वतःच लेटेक या गणिती मजकूर जुळवण्याच्या प्रणालीत टाइप करून, सूत्रे जागच्या जागी बसवून देतो. परीक्षक मानधन घेत नाहीत. संपादकही बहुधा आपली नोकरी सांभाळून हे काम करतात. प्रयोगशाळा नाही, रंगीत छायाचित्रे नाहीत. उरतो तो संकेतस्थळाचा आणि थोड्याफार व्यवस्थेचा खर्च.

या वाटेने चालणारी नियतकालिके कालपरवाची नाहीत. ‘इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्स’ १९९४ मध्ये हर्बर्ट विल्फ आणि नील कॅल्किन यांनी सुरू केले. लेखकाला शुल्क नाही, वाचकाला कुलूप नाही, आणि या विषयात त्याचा दर्जा काय हे कोणत्याही ग्राफ थिअरीवाल्याला विचारा. आपल्याकडचे ‘हार्डी-रामानुजन जर्नल’ के. रामचंद्र आणि आर. बालसुब्रमणियन यांनी १९७८ मध्ये काढले. संख्यासिद्धांताला वाहिलेले हे नियतकालिक वर्षातून एकदा, रामानुजनांच्या जन्मदिनी २२ डिसेंबरला निघते, आणि आज कोणीही ते उघडून वाचू शकतो.

एक गोष्ट मला राहून राहून बोचते. ग्राफ लेबलिंगवर आजवर झालेल्या कामाचा सगळ्यात मोठा आढावा जोसेफ गॅलियन यांनी लिहिला आहे. हजारो लेखांची नोंद त्यात आहे आणि तो वेळोवेळी नवा होत राहतो. तो याच ‘इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ कॉम्बिनेटोरिक्स’मध्ये फुकट ठेवलेला आहे. एका ठिपक्यात जोडलेल्या त्रिकोणांना ग्रेसफुल लेबलिंग कधी जमते आणि कधी नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेले आहे. माझ्या सहकारी मुलीने तो उघडला असता तर चूक तिला तिथेच भेटली असती. जे वाचून ती वाचली असती, तेच आपल्या ठरावाप्रमाणे न धरण्याच्या यादीत जाईल.

शुल्क घेणारे प्रत्येक नियतकालिक लबाड असते, असेही मी म्हणत नाही. नामांकित संस्थांची अशी काही आहेत. तिथे परीक्षण आधी होते, पैशाचा विषय नंतर निघतो, आणि ज्यांच्यापाशी अनुदान नाही त्यांना शुल्कमाफी मागता येते. तेव्हा पैसे लागले का, एवढ्यावरही निकाल नको. लेख कोणी वाचला का, काय विचारले, लेखकाने काय उत्तर दिले, यावर निकाल हवा.

आर्काइव्हविषयीही आपल्या बैठकांत गैरसमज दिसतो. पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये सुरू केलेले हे लेखभांडार म्हणजे नियतकालिक नव्हे. तिथे परीक्षण होत नाही, लेख त्या विषयात बसतो का एवढी चाळणी असते. पण गणितात आज रीतच अशी पडली आहे की लेख आधी तिथे ठेवायचा, मग नियतकालिकाकडे पाठवायचा. त्यामुळे तारखेची नोंद राहते आणि चूक असेल तर परीक्षकाच्या आधीच जगातला कोणीतरी कळवतो. ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वांकारेच्या अटकळीची, म्हणजे गणितातल्या एका प्रसिद्ध जुन्या प्रश्नाची, सिद्धता २००२-०३ मध्ये तीन लेखांत तिथेच ठेवली आणि नियतकालिकाकडे पाठवलीच नाही. जगभरच्या गणितज्ञांनी पुढची काही वर्षे ओळ न ओळ तपासली आणि ती मानली. तो अपवाद आहे, त्याचे अनुकरण कोणी करावे असे मी सांगणार नाही. पण उघड्यावर ठेवलेले काम कसून तपासले जाते, याला याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

इथे आपल्या हातात असलेले एक काम आहे. आर्काइव्हवर पहिल्यांदा लेख ठेवणाऱ्याला त्या विषयात आधी लेख ठेवलेल्या कोणाची तरी शिफारस लागू शकते. डिचोली, पेडणे, काणकोणच्या महाविद्यालयातल्या एकट्या गणित शिक्षकाला असा माणूस कुठे भेटायचा? विद्यापीठात, फर्मागुडीच्या आयआयटीत, कुंकळ्ळीच्या एनआयटीत, झुआरीनगरच्या बिट्समध्ये असे लोक आहेत. शिफारस म्हणजे सिद्धता बरोबर असल्याची हमी नव्हे. हा माणूस या विषयात मनापासून काम करतो, एवढेच त्यात म्हणायचे असते. आपल्या समित्यांनी दोन फोन केले तर अनेकांची वाट मोकळी होईल. मला ती शिफारस मिळवायला दीड वर्ष लागले होते.

लेख कसा पाठवायचा हेही आपण कोणाला शिकवत नाही. कार्यशाळा होतात त्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’, म्हणजे नियतकालिकातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती उल्लेख केला तो आकडा, यावर. आपल्या लेखाच्या संदर्भसूचीत कोणत्या नियतकालिकांची नावे पुन्हा पुन्हा येतात ते पाहा, आपले वाचक तिथेच आहेत. संपादक मंडळात आपल्या विषयाचा कोण आहे ते शोधा आणि त्याचे दोन लेख वाचा. नियतकालिकाचे नाव झेडबीमॅथमध्ये आहे का पाहा. गणिताच्या लेखांची ही सूची २०२१ पासून सगळ्यांना फुकट खुली आहे, पाच मिनिटांचे काम. लेख एका वेळी एकाच ठिकाणी पाठवायचा. मग थांबायचे. गणिताचा परीक्षक प्रत्येक पायरी स्वतः चढून पाहतो, म्हणून सहा महिने, कधी वर्षही जाते. माझ्या एका लेखाला १४ महिन्यांनी उत्तर आले, १९ शंकांचे. त्यातली अकरावी शंका सोडवताना मला पुढच्या लेखाचा विषय मिळाला.

पाच दिवसांत आलेला होकार पाहून आनंद नव्हे, काळजी वाटली पाहिजे. ही समज आपण तरुणांना देत नाही, उलट ‘डिसेंबरच्या आत दोन लेख दाखवा’ असे सांगतो. मग ते डिसेंबरच्या आत छापणाऱ्याकडे जाणारच.

कोसंबींचे नाव आपण अभिमानाने घेतो. दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ मध्ये गोव्यात जन्मले, आणि त्यांच्या नावाने पणजीत कला अकादमीत विचारमहोत्सव भरतो. इतिहासकार म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण पेशाने ते गणितज्ञ. १९४३ मध्ये त्यांनी ‘जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’मध्ये एक लेख लिहिला. त्यातली मुख्य कल्पना आज जगभर कारहुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने शिकवली जाते, आणि त्या दोघांचे लेख नंतरचे आहेत. महायुद्धाच्या दिवसांत हिंदुस्थानात छापलेला तो अंक बाहेर किती कपाटांत पोचला असेल! लेख वाचकापर्यंत पोचला नाही की काय होते, याचे उदाहरण आपल्या घरातच आहे.

त्याच कोसंबींनी १९५९ मध्ये रीमानच्या अटकळीसंबंधी, म्हणजे गणितातल्या अजून न सुटलेल्या एका प्रसिद्ध प्रश्नासंबंधी, एक लेख शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. दावा टिकला नाही, आणि त्याने त्यांच्या नावाला धक्का बसला. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे, म्हणूनच हे लिहिताना जड जाते. पण विषयातले परीक्षक जिथे असण्याचे कारण नाही अशा ठिकाणी लेख गेला की एवढ्या मोठ्या माणसालाही कोणी वेळेवर थांबवत नाही. मग लेक्चर बेसिसवरच्या मुलीला कोण थांबवणार?

इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या त्या नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजनांचा पहिला लेख आला होता, बर्नुली संख्यांवरचा. त्यांची मांडणी इतकी त्रोटक होती की संपादक नारायण अय्यंगार यांनी तो पुन्हा पुन्हा परत पाठवून नीट लिहून घेतला. कारकुनी मिळवण्यासाठी धडपडणाऱ्या एका अनोळखी मुलासाठी एका संपादकाने घेतलेले ते कष्ट. परीक्षण म्हणजे हे.

मान्य नियतकालिकांची केअर यादी होती तोवर आपल्याला एक आधार होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ती बंद केली आणि नियतकालिकाची पारख संस्थांवर सोडली. जबाबदारी आता आपली आहे. सरसकट बंदी घालणे सोपे, पण त्यात पारख नाही. त्याऐवजी मुलाखतीला येणाऱ्याकडून छापील लेखासोबत परीक्षकांचे अभिप्राय आणि त्यांना दिलेली उत्तरे मागवा. ती पाने वाचायला गणितज्ञ असावे लागत नाही. कोणी खरोखर वाचले आहे की नाही, ते पहिल्या पानावरच कळते. अभिप्रायच नसतील तर तो लेख धरू नका, मग तो खुला असो वा वर्गणीचा. शंका आली तर विषयातल्या एका जाणत्याला दाखवा. गोव्यात आपण एकमेकांपासून फार दूर राहत नाही.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ आल्यावर आता खुल्या नियतकालिकांची गरज काय, असे त्या बैठकीत कोणीतरी विचारले म्हणे. सरकारने वर्गणी भरून संस्थांना नियतकालिके वाचायला देण्याची ही योजना चांगली आहे. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके. पण ती सरकारी संस्थांपुरती आहे, आणि संस्था सुटली की ते दारही बंद होते. लेक्चर बेसिसवरच्या माणसाची संस्था दर जूनमध्ये सुटू शकते.

माझ्या सहकारी मुलीचा दुरुस्त लेख, नवे नाव आणि नवी अट घेऊन, आता आर्काइव्हवर आहे. आधीचा लेख कुठे छापला होता आणि त्यात चूक काय होती, हे तिने पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे. तसे लिही असे मी तिला सांगितले नव्हते. संपादकांनाही तिने ते सगळे कळवले आहे, आणि लेख एका खुल्या, विनाशुल्क नियतकालिकाकडे परीक्षणाला गेला आहे. चार महिने झाले, उत्तर नाही, आणि लवकर येईल अशी अपेक्षाही नाही. पुढच्या महिन्यात तिची मुलाखत आहे. अर्जात ‘प्रकाशित शोधनिबंध’ असा एकच रकाना आहे. जुना लेख तिथे लिहायचा नाही असे तिने ठरवले आहे, त्यामुळे तो रिकामा राहील. त्या रकान्याखाली ‘परीक्षणासाठी पाठवलेले’ असा दुसरा रकाना घाला, आणि मुलाखतीत तिला खडू देऊन फळ्यावर दोन त्रिकोण काढायला सांगा.

आपली,
फोंडा तालुक्यातील एक गणित शिक्षिका